गिरगावची वीट, कोपनहेगनची भिंत

कोपनहेगनला कुणी पाहुणे आले की जलपरीचा पुतळा दाखवून झाल्यावर मी त्यांना ओरेस्टाडला नेते, एक राहती इमारत बघायला. पाहुणे वैतागतात. पण भिंतीजवळ गेले की हात लावून बघतात.

रिसोर्स रोज नावाची ही ९२ घरांची वसाहत २०१९ मध्ये झाली. भिंती म्हणजे निव्वळ गोधडी. लाल, पिवळट, काळपट विटांचे मीटरभराचे चौकोन शेजारी शेजारी बसवलेत. हे चौकोन आले कार्ल्सबर्गच्या जुन्या बिअर कारखान्यातून आणि पाडलेल्या शाळांमधून. विटा सुट्या का नाही आणल्या? कारण साठच्या दशकापासून इकडे सिमेंटचा मसाला आला आणि तो विटेपेक्षा टणक. ठोकलं की आधी वीटच फुटते. म्हणून लेंडेगर या आर्किटेक्ट मंडळींनी भिंतच करवतीने कापून काढली.

चुन्याचं तसं नाही. चुना मऊ असतो, वीट अख्खी सुटते. गिरगावातली आमची आजोळची चाळ पाडली तेव्हा विटा, सागवानी तुळया, कठड्याचे बिडाचे खांब, सगळं राडारोडा उचलायच्या आधीच विकलं गेलं होतं. त्याला कुणी पर्यावरणपूरक वगैरे म्हटलं नाही.

डिसेंबरात पार्ल्याला आले, तर शेजारच्या सोसायटीचं पाडकाम चालू होतं. आईच्या गॅलरीतून दिवसभर तेच बघत होते. आधी दारं, ग्रिल, खिडक्यांचं ॲल्युमिनियम, कमोडसुद्धा खाली उतरलं. मग स्लॅब फोडून एकेक सळई सोडवायची, वाकलेली घणाने सरळ करायची आणि टेम्पोत भरायची. बहुतेक ठिकाणी पाडकामवालाच उलट बिल्डरला पैसे मोजतो, तो या मालासाठी. डेन्मार्कमध्ये एवढी बारकाईने मजुरी करायला माणूस परवडतच नाही.

आपलं घोडं अडतं ते उरलेल्या डेब्रिजपाशी, म्हणजे राडारोड्यापाशी. रात्री डंपर येतो आणि तो खारफुटीत ओतून जातो, हे काय मी सांगायला हवं? खरं तर काँक्रीट दळून त्याची खडी होते. आयएस ३८३ या भारतीय मानकाने २०१६ पासून साध्या काँक्रीटमध्ये अशी खडी २५ टक्के आणि एम-२५ या मजबुतीच्या प्रतीपर्यंतच्या आरसीसीत, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, २० टक्के चालवून घेतली आहे. दहिसरला आणि शिळफाट्याजवळ डायघरला महापालिकेची प्रक्रिया केंद्रंही आहेत. पण ‘जुन्याचा माल’ म्हटलं की मेंबर नाक मुरडतात. इकडे डॅनिश लोक काही संत नाहीत. २०२३ मध्ये हजार चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतीला चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा घातली, तेव्हा कुठे पुन्हा भट्टीत न जाणाऱ्या विटेला भाव आला.

आता आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट आहे. मी ग्रुपवर लिहिलं, करारात एक ओळ घाला: पेव्हर ब्लॉक आणि पायाखालचं पीसीसी (साधं, बिनसळईचं काँक्रीट) डेब्रिजच्या मालातून, आणि डेब्रिज कुठे गेलं त्याच्या पावत्या सोसायटीला. सेक्रेटरी काकांचं उत्तर आलं, “मुद्दा बरोबर आहे गं, पण आधी कॉर्पस आणि भाडं ठरू दे.” कॉर्पस म्हणजे बिल्डर मेंबरांना देतो ती एकरकमी रक्कम.

भाडं मागच्या आठवड्यात ठरलं. काकांना परत मेसेज टाकलाय.