कुपी उतरली, खापर फोडणं चालूच

१९ मार्च २०२५, पहाट

साडेतीनच्या सुमाराला स्पेसएक्सची क्रू ड्रॅगन ही कुपी फ्लोरिडाजवळच्या समुद्रात टेकली आणि माझे डोळे भरून आले. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे अंतराळवीर अंतराळ स्थानकावरून २८६ दिवसांनी परतले. जाताना मुक्काम आठवडाभराचाच ठरला होता.

आता झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय. जानेवारीपासून एकच ऐकतेय: बायडन यांनी राजकारणापायी या दोघांना वर सोडून दिलं आणि ट्रम्प यांनी सोडवून आणलं. मला हे मुळीच पटत नाही. ते ज्यातून वर गेले ते बोइंगचं यान, स्टारलायनर, बिघाडामुळे ७ सप्टेंबर २०२४ला रिकामं उतरलं. त्याच महिन्याच्या २८ला ड्रॅगन निघालं, त्यात दोन आसनं या दोघांसाठी मोकळी ठेवली होती. आज ते परतले ते त्याच कुपीतून. अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या आधीपासून ती तिथे स्थानकाला जोडलेली होती!

श्रेयाचंही असंच. खासगी कंपन्यांकडून स्थानकावर सामान पोचवायची योजना २००६ची, बुश यांच्या काळातली. माणसं नेण्याची २०१०ची, ओबामांच्या काळातली. २०१४मध्ये बोइंगला ४.२ अब्ज आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलरची कंत्राटं मिळाली. स्पेसएक्सचं माणसांसह पहिलं उड्डाण झालं ३० मे २०२० रोजी, तेव्हा ट्रम्प सत्तेवर होते. नासाचं जुनं यान, शटल, बंद करायचं बुश यांनी २००४मध्येच ठरवलं होतं, पण शेवटची फेरी २०११ची, म्हणून बोल लागला ओबामांना.

राजकारण्यांना जाब विचारूच नये, असं मी म्हणत नाही. बोइंगच्याच ७३७ मॅक्स या प्रवासी विमानाच्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. विमानाच्या तपासणीचं बरंचसं काम सरकारने बोइंगच्याच माणसांवर सोपवलं होतं, आणि ही सवय दोन्ही पक्षांच्या राजवटींत वाढत गेली. मॅक्सला प्रमाणपत्र मिळालं २०१७मध्ये. कंपन्यांना आणखी मोकळीक देणारा कायदा ऑक्टोबर २०१८च्या पहिल्या आठवड्यात झाला, तोही दोन्ही पक्षांच्या मतांनी. त्या दोनांपैकी पहिलं, इंडोनेशियाच्या लायन एअरचं विमान, त्याच महिन्याच्या २९ तारखेला कोसळलं. अपघात या कायद्यामुळे झाला नाही, पण देखरेख सैल करायला इतके हात वर झाले, याचा मला आजही संताप येतो. त्या मतदानाबद्दल किती जणांना प्रश्न विचारले गेले?

स्टारलायनरचे पाच थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिनं, स्थानकाजवळ जाताना बंद पडले. जमिनीवरच्या चाचण्यांत दिसलं, की उष्णतेने टेफ्लॉनचं छोटं सील फुगतं आणि इंधनाची वाट अडते. प्रत्यक्ष बिघडलेले थ्रस्टर उघडून बघता येणार नाहीत. ते ज्या भागावर होते तो भाग कुपीसोबत उतरत नाही, परतीच्या वाटेवर वातावरणात जळून जातो. पुढच्या वेळी त्यात माणसं बसण्याआधी त्या सीलचं काय केलं, हे मला ऐकायचंय. रात्रभर बातम्या लावून ठेवल्या होत्या, सीलचा उल्लेख एकदाही झाला नाही.