टायरच्या हवेचा पिवळा दिवा आणि रीसेटचं बटण

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिककडे सकाळी गाडी काढली की डॅशबोर्डवर उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी थोडी पळाली की कधी कधी आपोआप विझतो. म्हणजे सेन्सर खराब असं बरेच जण ठरवून टाकतात. बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो, हवा खरंच कमी असते.

हिशेब सोपा आहे. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतात. दुपारी ३२ अंशांत, गाडी पळवून आल्यावर पंपावर ठरलेले ३३ भरले, तर टायर निवल्यावर ते ३० च्या आसपास येतात आणि पहाटे १२ अंशांत २७. ठरलेल्या दाबापेक्षा २० ते २५ टक्के कमी झालं की बऱ्याच गाड्या दिवा लावतात. म्हणजे आपण काठावरच उभे. नायट्रोजन भरला तरी हे गणित बदलत नाही, पंपवाला काहीही सांगो. गाडी तीनेक तास उभी असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा भरा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो नाही. आणि हायवेवर तापलेल्या टायरमध्ये ३७ दिसले म्हणून हवा सोडू नका.

दिवा सुरुवातीला मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर राहिला तर मात्र बऱ्याच गाड्यांत यंत्रणेतच बिघाड असतो.

पुढचा प्रश्न, गाडीत हवा कमी झाल्याचं ओळखायची कुठली पद्धत आहे? स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे दिसत नसतील आणि मेनूत रीसेट असेल, तर बहुधा एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवर चालणारी. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित घटतो, ते इतरांपेक्षा जास्त फिरतं, त्यावरून ती ओळखते. चारही टायर सारखेच उतरले तर तिला पटकन कळत नाही. रीसेट म्हणजे ‘आत्ताची हवा बरोबर आहे’ असं गाडीला सांगणं. नुसता दिवा घालवायला कमी हवेवर ते दाबलंत तर पुढचा इशारा फार उशिरा येईल. आधी हवा, मग रीसेट. चाकांची अदलाबदल केल्यावर किंवा टायर बदलल्यावरही रीसेट करायचं.

आकडे दिसत असतील तर सेन्सर रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी असतो. त्याची बॅटरी ५ ते १० वर्षं टिकते आणि ती सीलबंद असल्यानं सहसा पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. बाहेरून दोरी घालून पंक्चर काढलं तर त्याला धोका नाही. टायर रिमवरून काढायचा असेल तेव्हा पंक्चरवाल्याला आधीच सांगा, मशीनचं पातं व्हॉल्व्हजवळ लागलं की सेन्सर तुटतो. टायर काढलाच आहे तर व्हॉल्व्हचं रबरी सील आणि आतली पिनही नवी घ्या. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला साधी पितळी पिन चालत नाही, निकेलचा मुलामा असलेलीच हवी. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत पितळेला लागून असलेलं ॲल्युमिनियम गंजतं, पिन तिथेच धरून बसते, आणि ती काढताना व्हॉल्व्हच मोडू शकतो.