सल्फाच्या दोन गोळ्या

२०२२ च्या जुलैअखेर मी रोवणीसाठी माहेरी गेले. धानोरा तालुक्यातलं, जंगलाला टेकलेलं गाव. वडील गेल्यापासून बांधीत उतरायला माणसं कमी पडतात, म्हणून पावसाळ्यात शिलाई मशीन झाकून ठेवते आणि महिनाभर तिकडेच राहते. त्या वर्षी सोबत औषधांची पिशवी होती. नवऱ्याच्या आजारपणात माझीही एचआयव्हीची तपासणी झाली आणि फेब्रुवारीत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं रोजचं औषध, सुरू झालं. रोज रात्री एक गोळी, तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर अशी तीन औषधं. शिवाय सकाळी सेप्ट्रान या सल्फा औषधाची एक मोठी गोळी, दुसरे संसर्ग होऊ नयेत म्हणून. माझा सीडी-४, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, १६८ होता, आणि तो ३५० च्या वर जाऊन टिकेपर्यंत सेप्ट्रान थांबवायची नाही, असं समुपदेशक ताईंनी बजावलं होतं. माझ्या उपचाराच्या हिरव्या पुस्तिकेत त्यांनी लाल पेनाने लिहून दिलं होतं : ‘सल्फा चालू आहे. दुसरं औषध घेण्याआधी विचारणे.’

घरात हे फक्त आईला माहीत होतं.

१२ ऑगस्टला दुपारी बांधीतच हुडहुडी भरली. घरी येऊन दोन घोंगड्या घेतल्या तरी दात वाजत होते. मग अंग भाजून निघालं, मग घामाने साडी भिजली, आणि दिवेलागणीला मी उठून चुलीपाशी बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गडचिरोलीत वाढलेल्या माणसाला हा हिवताप ओळखू येतो. पण मला भीती वेगळीच होती. एआरटी केंद्रात दर वेळी चार प्रश्न विचारतात : खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घाम फुटतो का. त्यातल्या दोन प्रश्नांना माझं उत्तर आता ‘हो’ होतं. टीबीच झाला, असं धरून मी रात्रभर जागी राहिले.

सकाळी आई म्हणाली, “आधी वहिनीला बोलावतो, रक्त तर पाहू दे.”

वहिनी म्हणजे गावची आशाताई, नात्याने माझी चुलत वहिनी. तिने बोट टोचून किटवर थेंब सोडला. पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघी त्या पट्टीकडे बघत बसलो. वरच्या रेघेखाली आणखी एक रेघ हळूहळू उमटली. “पीएफ आहे बाई,” ती म्हणाली. फाल्सीपेरम, डोक्यात चढणारा. तिने मोठ्या माणसांचं पांढरं पाकीट उघडलं. तीन दिवस आर्टेसुनेट, आणि पहिल्या दिवशी त्यासोबत आणखी दोन गोळ्या. “माझ्यासमोर घे. पहिला डोस मी पाहिल्याशिवाय जात नाही.”

पाकिटामागची बारीक इंग्रजी अक्षरं मी जुळवून वाचली. सल्फाडॉक्सिन.

हात तिथेच थांबला. पुस्तिकेतली लाल ओळ डोळ्यांसमोर आली. सल्फा मला चालत नाही असं म्हणावं, तर ‘काहून?’ हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर चाळीस घरांच्या गावात उच्चारायचं माझ्यात बळ नव्हतं. वहिनी मनाची वाईट नाही. पण तिच्या ओसरीवर दिवसभर बायका बसतात. मी खोटं बोलले. म्हटलं, पोट रिकामं आहे, उलटी होईल, पेज पिऊन घेते. ती नाखुशीनेच उठली, संध्याकाळी येऊन पाकीट बघेन म्हणाली.

तो तासभराचा काळ मला अजून आठवतो. गोळ्या घ्याव्यात तर अंगाला काय होईल याची भीती, न घ्याव्यात तर पीएफची. शेजारच्या घरातलं एक पोरगं याच तापात आकड्या येऊन गेलं होतं. शेवटी समुपदेशक ताईंना फोन करायला टोल्यामागच्या, म्हणजे वस्तीमागच्या, उंचवट्यावर गेले, तिथेच रेंज येते. ताई म्हणाल्या, “त्या दोन गोळ्या घेऊ नका, पण बिनऔषधाच्याही बसू नका. आजच्या आज दवाखान्यात जा. डॉक्टरांशी एकटीने बोला आणि पुस्तिका दाखवा.” त्यांनी कायद्याचंही सांगितलं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय कोणी तुमची माहिती दुसऱ्याला देऊ शकत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

भावाने मोटारसायकलवर नेलं. त्याला एवढंच सांगितलं, की वहिनीच्या गोळ्या मला सोसत नाहीत.

दवाखान्याच्या खिडकीवर मी हळू आवाजात सांगितलं, की माझी रोजची गोळी चालू आहे. आतल्या माणसाने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, “कशाची गोळी? कोणता आजार आहे?” मी म्हटलं, डॉक्टरांनाच सांगेन. त्याने माझा कागद बाजूला सारला. दीड तास मी तापात फरशीवर बसून होते. कायदा छापून भिंतीवर लावला तरी खिडकीतल्या माणसाचा आवाज खाली आला नाही, तर माझ्यासारखीने काय करायचं? त्या दिवशी दोनदा मनात आलं, की गप घरी जावं आणि पाकीट घेऊन टाकावं.

डॉक्टरांनी मात्र पुस्तिका पाहिल्याबरोबर दार लावून घेतलं. माझ्यासमोरच एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला, मग मला समजेल असं सांगितलं. सेप्ट्रान आणि पाकिटातल्या त्या दोन गोळ्या एकाच घराण्यातल्या. दोन्ही एकदम गेल्या तर अंगावर घातक पुरळ उठण्याचा आणि रक्तपेशी कमी होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं आहे, की को-ट्रायमॉक्साझोल, म्हणजेच सेप्ट्रान, घेणाऱ्या एचआयव्हीच्या रुग्णाला आर्टेसुनेट आणि सल्फाची जोडी देणं टाळावं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती इतरांच्या उपयोगाची म्हणून लिहिते : एआरटीत एफाविरेन्झ किंवा झिडोवुडिन चालू असेल, तर अमोडायाक्विन असलेलं हिवतापाचं औषध टाळायचं असतं. म्हणजे एआरटीची नुसती ‘गोळी चालू आहे’ म्हणून भागत नाही, गोळीचं नाव सांगावं लागतं.

मला आर्टिमेथर-लुमेफॅन्ट्रिन द्यायचं ठरलं. ते तिथे नव्हतं, म्हणून गाडीने पुढच्या रुग्णालयात पाठवलं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, त्यामुळे दोन दिवस ठेवूनच घेतलं. एका वेळी चार गोळ्या, आठ तासांनी पुन्हा चार, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. हे औषध स्निग्ध खाण्यासोबत घेतलं तरच नीट अंगात उतरतं. माझ्या तोंडाला तर पाणीही कडू लागत होतं. आई भावासोबत दूध आणि तेलात परतलेली अंडी घेऊन आली आणि समोर बसून एकेक घास भरवला. प्रायमाक्विनचा एक डोसही झाला. तो माझ्यासाठी कमी आणि गावासाठी जास्त, कारण त्याने माझ्या रक्तातून डासामार्फत पुढे जाणारे जंतू मरतात. तापात माझी एआरटीची एक रात्र चुकली होती. त्यावरून डॉक्टर रागावले. ताप असो, उलटी असो, ती गोळी थांबवायची नाही, आणि या औषधाशी तिचं काही वाकडंही नाही.

दुसऱ्या रात्री वॉर्डात सगळे झोपल्यावर आईने कानाशी येऊन विचारलं, “तुला चावलेला डास घरच्या पोराला चावला, तर त्याला तुझं ते लागेल का गं?” म्हणजे उंचवट्यावरून मी फोन करत होते तेव्हापासून ती हे पोटात घेऊन बसली होती. सकाळी राउंडवर आलेल्या डॉक्टरांना मीच विचारलं. ते म्हणाले, हिवतापाचा जंतू डासाच्या अंगात वाढतो आणि त्याच्या लाळेतून पुढे जातो. एचआयव्ही डासाच्या अंगात वाढत नाही, तो तिथे पचून संपतो. डासामुळे एचआयव्ही लागत नाही. आई काही बोलली नाही, पदराने तोंड पुसत बाहेर गेली.

सहा महिन्यांची व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात एचआयव्ही किती उरलाय याची, तपासणी ऑगस्टमध्येच होती, ती पुढे ढकलली. हिवतापात शरीराची लढाई पेटते तेव्हा विषाणूही काही काळ वाढतो, आणि उपचारानंतर आठवड्यांत खाली येतो. हे आफ्रिकेत, मलावीत, अभ्यासून पाहिलेलं आहे. तेव्हा रक्त घेतलं असतं, तर माझी गोळीच लागू पडत नाही असं वाटलं असतं. ऑक्टोबरमध्ये घेतलं. विषाणू सापडण्याइतकाही नव्हता.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा वहिनीला घरामागे नेऊन सगळं सांगितलं. ती बराच वेळ माझा हात धरून बसली. मग म्हणाली, “त्या दिवशी मी जबरदस्तीने पाजल्या असत्या तर?”

पुढच्या पावसाळ्यात आमच्याच घरी ती भावाचं रक्त तपासायला आली. पाकीट उघडण्याआधी तिने विचारलं, “रोजची काही गोळी चालू आहे का?” आणि तो प्रश्न विचारण्याआधी आम्हा सगळ्यांना तिने अंगणात काढलं होतं.