डोळ्याची बाहुली मोठी होईना म्हणून बाकावर अडीच तास

मला शुगर निघून १४ वर्षं झाली आणि डोळ्याचा पडदा तपासायला मी पहिल्यांदा गेले ते यंदा, ही माझी चूक. नीट दिसतंय ना मग कशाला जायचं असंच वाटायचं, पण पडद्याला सुरुवातीला काही झालं तरी आपल्याला कळतच नाही म्हणे. मोठेपणी निघणाऱ्या शुगरला तर ज्या वर्षी निघाली त्याच वर्षी तपासायचं असतं आणि मग दरवर्षी.

केस पेपर, चष्म्याचा नंबर, डोळ्याचं प्रेशर सगळं पटापट झालं. मग आतला पडदा नीट दिसावा म्हणून सिस्टरनी बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, डोळे मिटून बसा म्हणाल्या. जाम झोंबतात आणि जरा वेळाने घशात कडू चव उतरते. शेजारचे मोतीबिंदूचे आजोबा अर्ध्या तासात आत गेले, माझ्यामागून आलेली मुलगी पण गेली, मी तिथेच. सिस्टर येणार, टॉर्च मारणार, "नाही झाली अजून", परत थेंब. चौथ्या वेळेला मला म्हणाल्या, "मावशी, मधेमधे डोळे उघडताय का? पुसताय का?" अहो मी पापणीसुद्धा हलवली नव्हती! सगळ्यांसमोर असं ऐकून रडू यायला लागलं, आणि रडले तर थेंब वाहून जातील म्हणून तेही गिळलं.

त्यात साडेबारा वाजून गेलेले, सकाळी शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली, शुगर उतरून हात थरथरायला लागले. उठले तर नंबर जाईल म्हणून बसून राहिले, हे अजिबात करू नका. शेजारच्या ताईंनी पिशवीतून बिस्किटं काढून दिली म्हणून निभावलं. डबा आणि थोडी साखर सोबत ठेवाच.

शेवटी आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, जुन्या शुगरमध्ये असं होतंच. बाहुली उघडणाऱ्या स्नायूला ज्या बारीक नसा जातात त्या शुगरने कमजोर होतात, मग बाहुली मुळातच लहान राहते आणि थेंबाने लवकर मोठी होत नाही. माझ्या तळपायाला मुंग्या येतात ना, तसाच नसांचा त्रास. शिवाय आपले काळेभोर डोळे, त्यांना थेंब तसाही उशिरा लागू पडतो. एवढंच बाकावर कोणी सांगितलं असतं तर? केस पेपरवर पहिल्याच ओळीत मधुमेह १४ वर्षे लिहिलेलं होतं!

पडद्यावर बारीक लाल ठिपके निघाले, सुरुवातच आहे, लेझर लागणार नाही, शुगर आटोक्यात आणा आणि सहा महिन्यांनी या म्हणाले. इतकं हायसं वाटलं की सिस्टरवरचा राग अर्धा उतरला.

हो, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर थेंबाआधीच सांगा, काही थेंबांनी बीपी वाढू शकतं. आणि एकटं जाऊ नका. बाहेर आल्यावर उन्हाने डोळे उघडवेनात, एसटीची पाटी दिसेना, कंडक्टरला विचारून चढले. गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं रात्रीपर्यंत धूसरच होती. काळा गॉगल न्या. नवा चष्मा करायचा असेल तर शुगर स्थिर झाल्यावरच करा, वरखाली असली की नंबरही बदलतो.

निघताना मी डॉक्टरांकडून केस पेपरवर वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहून घेतलं, "जुना मधुमेह, बाहुली उशिरा मोठी होते." पुढच्या वेळी थेंब टाकायच्या आधी तोच कागद पुढे करणार आहे.