कामाच्या आठवड्यात क्रोशाचे दोन चौकोन

आठवडा कामाने गच्च भरला की हातातली कला आधी मागे पडते. एकट्याने करायचं काम तर हमखास. म्हणून भर कामाच्या दिवसांत आठ जणांनी मिळून एक ब्लँकेट विणावं, असं मी मनापासून सुचवेन. 80 चौकोन, प्रत्येकाच्या वाट्याला 10. आठवड्याला दोन, म्हणजे विणणं पाच आठवड्यांत संपतं.

ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधल्या कड्यापासून बाहेर फेऱ्याफेऱ्यांनी विणत जायचा चौकोन, यासाठी सोयीचा, कारण तो एकेका फेरीच्या टप्प्यांत करता येतो. चार साखळ्यांचं (फासातून धागा ओढून केलेल्या साध्या टाक्यांचं) कडं करायचं. त्यात पहिल्या फेरीत तीन-तीन खांबांचे (उंच टाक्यांचे) चार गट, प्रत्येक गटानंतर कोपऱ्यासाठी दोन साखळ्या. पुढे प्रत्येक कोपऱ्यात दोन गट आणि त्यांच्यामध्ये दोन साखळ्या. बाकी गटांमध्ये एकेक साखळी. गट दर फेरीला चारने वाढतात: 4, 8, 12, 16. चौथी फेरी संपली की थांबायचं. डीके (मध्यम) जाडीची लोकर आणि 4 मिमीची सुई घेतली तर चौकोन साधारण 11 सेमीचा होतो.

हात बसला की एक फेरी पाचेक मिनिटांत होते, बाहेरची थोडी जास्त वेळ घेते. उठायचं ते फेरी संपवूनच. सुईवरचा फास लांब ओढून त्यात सेफ्टी पिन अडकवा, नाहीतर पिशवीत धागा ओढला जातो आणि सगळी फेरी उसवते.

गट जमला की पहिला घोळ नावांचा होतो. अमेरिकी नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे मुका खांब, त्याहून बुटका टाका. एकाने इथून वाचलं, दुसऱ्याने तिथून, की काहींचे चौकोन लहानच येतात. खांब, मुका खांब, साखळी हे आपलेच शब्द ठरवून टाकले की प्रश्न मिटतो.

दुसरा घोळ हाताचा. लोकर तीच, सुई तीच, तरी कुणाची वीण घट्ट, कुणाची सैल. एका चौकोनात 1 सेमीचा फरक दिसतही नाही, पण 10 चौकोनांच्या पट्टीत तो 10 सेमी होतो. म्हणून प्रत्येकाने पहिला चौकोन आणून एकावर एक ठेवून बघावा. मोठा येत असेल त्याने 3.5 मिमीची सुई घ्यावी, लहान येत असेल त्याने 4.5. हात बदलायला सांगू नका, सुई बदला. चौकोन वाटीसारखा वर उचलला गेला तर बहुतेक कोपऱ्यातली साखळी राहिलेली असते. तिरका पिळला जात असेल तर प्रत्येक फेरीनंतर काम उलटं फिरवून विणा.

लोकर सगळ्यांसाठी एकदम आणि एकाच डाय लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली घ्या. किती लागेल ते पहिला चौकोन वजनकाट्यावर ठेवून काढा, आणि जोडणीसाठी वेगळी धरा.

आठवड्यातून एकदा तासभर बसायचं, आणि या बैठकीचा एकच नियम मी आग्रहाने सांगेन: अर्धा चौकोनही घेऊन यायचा. "पूर्ण झाला नाही म्हणून आलो नाही" हे एकदा सुरू झालं की गट विरतो. ज्याच्या दोनच फेऱ्या झाल्या त्याचा तुकडा दुसऱ्याने पुढे न्यावा. आपल्यासाठी ठरलेल्या सुईने, म्हणजे माप बिघडत नाही. पुढच्या आठवड्यात उलटंही होईल. आणि कौतुक करताना नुसतं "छान" म्हणू नका. "या वेळी कोपरे अगदी टोकदार आलेत" असं ऐकलं की माणूस पुन्हा सुई हातात घेतो. चूकही तशीच नेमकी दाखवा, बोट ठेवून.

शेपट्या, म्हणजे धाग्याची लोंबती टोकं, 15 सेमीच्या ठेवा आणि ज्याच्या त्याने रोजच्या रोज तीन दिशांना ओवून टाका. 80 चौकोनांच्या शेपट्या शेवटी एकावर आल्या तर तो खचतो. जोडणी मात्र एकत्र बसूनच. चौकोन टाचण्यांनी ताणून, पाणी शिंपडून वाळवा. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री ठेवू नका, वीण मरते, म्हणजे कायमची चपटी होते. दोन कोपऱ्यांच्या मध्ये 12 खांब आणि 3 साखळ्या, म्हणजे 15 टाके येतात. समोरासमोरच्या टाक्यांतून 15 मुके खांब घाला. 14 भरले तर पुढे जाऊ नका, तिथेच उसवून मोजा.