फंक्शन कोण ठरवतं?

"मॅडम, मग यातलं फंक्शन घ्यायचं कुठलं?" सायनच्या आमच्या एमएस्सीच्या वर्गात परवा एका मुलीनं विचारलं. आदर्श प्रवाहाच्या, म्हणजे श्यानता (द्रवाचा चिकटपणा) नसलेल्या प्रवाहाच्या, अख्ख्या प्रकरणात खरा प्रश्न हाच आहे, आणि तो आपणहून आला याचा मला फार आनंद झाला.

श्यानता शून्य धरली की द्विमितीय स्थिर प्रवाहात व्हॉर्टिसिटी (द्रवाचा कण स्वतःभोवती किती फिरतो त्याचं माप) एकेका प्रवाहरेषेवर, म्हणजे द्रव ज्या वाटेनं वाहतो त्या रेषेवर, कायम राहते. पण एका रेषेवरून शेजारच्या रेषेवर जाताना ती कशी बदलावी, म्हणजेच त्या मुलीनं विचारलेलं फंक्शन कुठलं, याबद्दल ऑयलरची समीकरणं (श्यानता नसलेल्या प्रवाहाचे नियम) काहीच बोलत नाहीत. म्हणजे भोवरे हवे तितके.

आता किंचित श्यानता येऊ द्या आणि एका बंद प्रवाहरेषेवर नेव्हिए-स्टोक्स समीकरणाचं (तेच नियम, पण श्यानता धरून) इंटिग्रल घ्या. दाबाचं पद पूर्ण फेरीत शून्य होतं. वेग आणि व्हॉर्टिसिटीच्या गुणाकाराचं पद रेषेला लंब, तेही गेलं. उरलं श्यानतेचं पद. ते एकटंच शून्य व्हायला हवं. श्यानता कितीही बारीक असली तरी शून्य नाही, म्हणून तिनं सरळ भागता येतं! भागल्यावर कळतं की त्या फंक्शनचा डेरिव्हेटिव्हच शून्य आहे: भोवऱ्याच्या गाभ्यात व्हॉर्टिसिटी सगळीकडे सारखी. आधीच शून्य धरली असती, तर शून्य बरोबर शून्य एवढंच हाती लागलं असतं. ही पायरी मी फळ्यावर कधीच घाईनं लिहीत नाही.

जर्मन शास्त्रज्ञ प्रांट्लनं १९०४ साली हायडेलबर्गला बाउंडरी लेयर (भिंतीलगतचा पातळ थर, जिथे श्यानतेचा प्रभाव जाणवतो) मांडला, त्याच निबंधात हे येऊन गेलंय. बॅचलरनं १९५६ मध्ये ते नीट सिद्ध केलं. आमच्या अभ्यासक्रमात यातलं काही नाही, आणि ते असायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

अर्थात प्रवाह लॅमिनार, म्हणजे खळबळ नसलेला संथ थराथरांचा, हवा, आणि धीरही हवा. १० सेंटीमीटरच्या भांड्यातल्या पाण्यात श्यानतेला आतपर्यंत पोहोचायला साधारण १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात.

गाभ्यातली ती एक किंमत किती, हे मात्र कडेचा बाउंडरी लेयर ठरवतो. वर्तुळाकार भांड्यात उत्तर सुरेख येतं: गाभ्याच्या कडेच्या वेगाचा वर्ग म्हणजे भिंतीच्या वेगाच्या वर्गाची सरासरी. अर्धी भिंत २ वेगानं आणि अर्धी १ वेगानं फिरवली, तर गाभ्याच्या कडेचा वेग १.५ नाही, सुमारे १.५८ येतो. शनिवारच्या तासाला त्या मुलीकडूनच हे फळ्यावर करून घेणार आहे.