आधी आणि नंतर

अमळनेरकडच्या जुन्या धाब्याच्या घराचा फोटो चांगला येत नाही. यायचाच नाही. जाडजूड मातीच्या भिंती, हातभर खिडक्या, छताला सागाचे सर आणि वर खाऱ्या मातीचा थर, हा सगळा बेत ऊन बाहेर अडवण्याचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा मधल्या खोलीतल्या अंधाराची किंमत कळते. कॅमेऱ्याला ती कुठून कळणार? खोलीतून दाराकडे मोबाइल धरला की एकतर दार पांढरंफेक, नाहीतर खोली काळीठिक्कर.

घराचं काम काढलं तसा पुण्याहून धाकट्या भावाचा फोन. "आधीचे फोटो काढून ठेव दादा, नंतरचे शेजारी लावू." या जोडीतलं 'आधी' भकास दिसावं, अशीच सगळ्यांची मनातून इच्छा असते असं माझं मत आहे. पसारा तसाच, दिवे बंद. 'नंतर'ला मात्र नवे पडदे, सगळे दिवे चालू आणि मोबाइलची रुंद लेन्स. त्या लेन्समध्ये दहा बाय बाराची खोली मंगल कार्यालयाएवढी दिसते, फक्त कडेचं कपाट तिरकं होतं. स्लॅबखाली किती उकडतं, हे काही फोटोत येत नाही.

मी हट्टानं सकाळी फोटो काढले. ओटा पूर्वेचा, कोवळं ऊन थेट खांबांवर येतं. मोबाइल छातीच्या उंचीवर सरळ धरला की खांबही सरळ येतात. वर तिरपा केला की घर मागे कलंडतं. आत देवळीतली काजळी टिपली. दाराच्या चौकटीवर आजोबांनी पेन्सिलीनं कापसाच्या वजनाचा हिशेब मांडलाय, तोही जवळून घेतला. शेवटची बेरीज पुसट आहे. आज उरलेलं जगातलं सर्वांत जुनं कॅमेरा-छायाचित्रही घराचंच आहे म्हणा. फ्रान्समध्ये निएप्स नावाच्या संशोधकानं 1826-27 च्या सुमारास वरच्या खिडकीतून दिसणारी आवारातली बांधकामं टिपली. चित्र उमटायला तास न् तास लागले, म्हणून त्यात दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन दिसतं.

खरे कामाचे फोटो मात्र कोणी मागत नाही. भिंतींना झिऱ्या पाडून वायरिंगचे आणि पाण्याचे पाइप टाकले, की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंत टिपायची, शेजारी टेप उघडी धरून. चौकटीपासून किती इंच, फरशीपासून किती, सगळं वाचता आलं पाहिजे. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. "भितना फोटू कसाले काढी ऱ्हायना? माणसंस्ना काढ!"

परवा तिलाच देवघराची फळी ठोकायची होती. ड्रिलवाल्यानं मोबाइलवर भिंत बघितली, बोटांनी मोठी केली आणि म्हणाला, "चार इंच डावीकडे घ्या भो, इथून पाइप गेलाय." आईनं फळी सहा इंच सरकवून घेतली.